इंग्रजीतला 'अप' कसा ओळखावा आणि कसा वापरावा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला आली, की बहुधा तिला मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेतील माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. बोरघाटातील हा मार्ग 1863 साली खुला झाला. त्यावरचा चढ दर 37 फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे, आणि तो चढून गाडी लोणावळ्याला पोहोचते तेव्हा ती समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर आलेली असते. तरीही रेल्वेच्या लेखी ही गाडी 'डाऊन' असते आणि तोच घाट उतरून मुंबईला येणारी गाडी 'अप' असते. याचे कारण ब्रिटिश रेल्वेच्या प्रथेत सापडते. तेथे लंडनच्या दिशेने जाण्याला 'अप' म्हणत, मग वाटेत चढ लागो वा उतार. ती प्रथा येथे आली तेव्हा लंडनची जागा रेल्वेच्या मुख्य ठाण्याने घेतली. म्हणूनच आजही सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी लोकल 'अप' असते, तर कल्याण किंवा विरारकडे जाणारी 'डाऊन', आणि रोज नोकरीसाठी गावे ओलांडणारा माणूस आपण 'अप-डाऊन करतो' असे अगदी सहज सांगतो.

'अप म्हणजे वर' हे पाचवीत पाठ केलेले समीकरण किती लवकर अपुरे पडते, हे या एका उदाहरणावरून दिसते. ज्यांचे इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे, व्याकरणही ठाऊक आहे, परंतु 'ही मेड अप अ स्टोरी' किंवा 'द मीटिंग वॉज हेल्ड अप' अशा वाक्यांपाशी जे अडखळतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही अडचण नवी नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते, की क्रियापदानंतर असे लहानसे अव्यय जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते.

अर्थांची लांबलचक यादी पाठ करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण अशी यादी कधी पुरी होत नाही आणि झाली तरी लक्षात राहत नाही. वाक्य समोर आल्यावर काही गोष्टी ठरावीक क्रमाने तपासणे अधिक उपयोगाचे ठरते.

पहिली पायरी : 'अप' एकटा आहे की क्रियापदाला चिकटलेला आहे?

सर्वप्रथम 'अप'च्या आधी काय आले आहे ते पाहावे. 'इज', 'आर', 'वॉज' यांसारखे रूप असेल, तर 'अप' तेथे एखाद्या विशेषणासारखा वागतो आणि कर्त्याची अवस्था सांगतो. ही अवस्था कोणती, हे कर्त्यावरून ठरते. कर्ता माणूस असेल, तर तो जागा आहे, अंथरुणातून उठलेला आहे, असा अर्थ होतो. 'शी इज अप ॲट फाइव्ह' म्हणजे ती पाचला उठलेली असते. कर्ता वेळ असेल, तर ती संपली आहे. परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षक 'टाइम इज अप' म्हणतात तेव्हा पेन खाली ठेवायचे असते. कर्ता संगणकाचा सर्व्हर असेल, तर तो सुरू आहे. कर्ता किंमत किंवा तापमान असेल, तर ते वाढले आहे. ब्रिटनमध्ये कर्ता रस्ता असेल, तर तो दुरुस्तीसाठी उखडलेला आहे, आणि हा अर्थ आपल्या शहरांत रोज उपयोगी पडला असता. 'समथिंग इज अप' म्हणजे काहीतरी बिनसले आहे, आणि 'द गेम इज अप' म्हणजे बिंग फुटले आहे.

एकट्या 'अप'नंतर आणखी एखादे अव्यय आले, तर मात्र ती जोडी एकत्र वाचावी. 'अप टु' या जोडीने विशेष गोंधळ होतो. 'इट्स अप टु यू' म्हणजे निर्णय तुमचा. 'अप टु टेन पीपल' म्हणजे जास्तीत जास्त दहा माणसे, आणि येथे दहा धरलेले असतात. 'व्हॉट इज ही अप टु?' म्हणजे त्याचे काय चालले आहे, आणि त्यात थोडा संशयही आहे, लहान मूल बराच वेळ शांत बसले की आईच्या मनात येतो तसा. 'अप फॉर' मध्ये दोन अर्थ आहेत. माणूस 'अप फॉर' असेल, तर त्याची तयारी आहे, आणि घर 'अप फॉर सेल' असेल, तर ते विक्रीला काढले आहे.

दुसरी पायरी : टेकडी आणि बिल

'अप' एखाद्या मुख्य क्रियापदानंतर आला असेल, तर तो पुढच्या नामाचा आहे की मागच्या क्रियापदाचा, हे ठरवावे लागते. यासाठी दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत : 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. वरवर पाहता रचना तीच आहे, फक्त एक नाम बदलले आहे. पहिल्या वाक्यात तो टेकडी धावत चढला. दुसऱ्यात त्याने दुकानदाराकडे किंवा हॉटेलात उधारी चढवून ठेवली. पहिल्या वाक्यातील 'अप' टेकडीचा आहे. तो दिशा दाखवतो, आणि त्याला टेकडीपासून वेगळे करून शेवटी नेता येत नाही. दुसऱ्या वाक्यातील 'अप' 'रन'चा आहे, म्हणून 'ही रॅन अ बिल अप' असेही म्हणता येते. नामाच्या जागी 'इट' घातले, की फरक आणखी स्पष्ट होतो : टेकडीसाठी 'ही रॅन अप इट' आणि बिलासाठी 'ही रॅन इट अप'.

ही कसोटी हाताशी ठेवावी. 'अप' नामाच्या पलीकडे सरकवता येत असेल, तर तो क्रियापदाचा भाग आहे आणि दोघांचा अर्थ मिळून काढायचा आहे. सरकवता येत नसेल, तर बहुधा साधी दिशा आहे. कर्म नसलेल्या वाक्यांत ही कसोटी चालत नाही. तेथे संदर्भावरच अवलंबून राहावे लागते.

तिसरी पायरी : मराठीतले 'टाक', 'काढ', 'ठेव'

येथे मराठी वाचकाच्या हाती एक किल्ली आहे, आणि शाळेत ती फारशी कोणी देत नाही. इंग्रजी 'अप' जे काम करतो, त्यातले पुष्कळसे काम मराठीत सहायक क्रियापदे करतात. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक आहे, जवळजवळ तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत आहे. दोन्हीकडे क्रिया तीच असते, पण ती तडीस गेली आणि मागे काही उरले नाही, ही छटा वाढते. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव, 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक, 'क्लीन अप' म्हणजे साफ करून घे. 'डिग अप' म्हणजे उकरून काढ, 'लुक अप' म्हणजे कोशात किंवा यादीत शोधून काढ. 'सेव्ह अप' म्हणजे साठवून ठेव, 'टाय अप' म्हणजे बांधून ठेव. 'सिट अप' म्हणजे उठून बस.

या सर्व ठिकाणी 'अप'साठी 'वर' हा शब्द घालून पाहिला, तर वाक्य हास्यास्पद होते, आणि सहायक क्रियापद घातले, की अर्थ जागेवर बसतो. म्हणून अनोळखी जोडी समोर आली, तर आधी मूळ क्रियापदाचे मराठी रूप घ्यावे आणि त्याला 'टाकणे', 'काढणे', 'ठेवणे', 'घेणे' यांपैकी काय जुळते ते पाहावे.

तथापि या साम्याला मर्यादा आहेत. मराठीतल्या 'टाकणे'ला ओझे उतरवल्याची, एकदाचे मोकळे झाल्याची छटा असते. 'सांगून टाक' म्हणजे मनात ठेवू नकोस. इंग्रजीत 'टेल अप' असे काही नाही. शिवाय ज्या क्रियेला शेवट नसतो, तिला हा 'अप' लागत नाही. प्रेम करणे, ओळखणे, मालकी असणे या गोष्टी 'अप' करता येत नाहीत. प्रमाण अनिश्चित असेल, तेव्हाही तो अवघडून बसतो. 'ही ड्रँक सम मिल्क' हे सरळ वाक्य आहे, पण त्यात 'अप' घातला की इंग्रजी कानाला खटकते, कारण थोडेसे पिण्यात 'सगळे संपवले' हा भाव मावत नाही. 'ही ड्रँक अप द मिल्क' मात्र चालते, कारण तेथे कोणते आणि किती दूध हे ठरलेले आहे.

यातूनच एक विरोधाभास उलगडतो. 'बटन अप', 'झिप अप', 'रॅप अप' यांत 'अप' बंद करतो किंवा एकत्र बांधतो, तर 'कट अप', 'ब्रेक अप', 'स्प्लिट अप' यांत तोच तुकडे करतो. जोडणे आणि तोडणे एकाच अव्ययाने कसे होते, असा प्रश्न पडतो. उत्तर असे, की जोडणे किंवा तोडणे हा अर्थ 'अप'चा नसून मागच्या क्रियापदाचा आहे. 'अप' फक्त ते काम पूर्ण झाल्याचे सांगतो. शर्टाची सगळी बटणे लागली, भाजीचे सगळे तुकडे झाले.

उरलेले अर्थ

शब्दशः वरची दिशा सोडली, तर लक्षात ठेवण्याजोगे आणखी तीन-चार गट उरतात. वाढीचा गट मराठीला जवळचा आहे, कारण आपणही भाव 'चढले', आवाज 'चढवला', पारा 'वर गेला' असे म्हणतो. म्हणून 'स्पीक अप', 'स्पीड अप', 'टर्न अप द व्हॉल्यूम' यांत अडचण येत नाही. येथे एक सावधगिरी मात्र हवी : माणूस 'वर गेला' याचा मराठीत जो अर्थ होतो, तो इंग्रजी 'वेंट अप'ला नाही. तो केवळ जिना चढला असेल.

दुसरा गट जवळ येण्याचा. 'अ मॅन केम अप टु मी' या वाक्यात कोणी खालून वर आलेले नाही. एक माणूस माझ्यापाशी आला, एवढेच. 'वॉक अप टु', 'कॅच अप' आणि 'कीप अप' हे सगळे याच गटातले आहेत. तिसरा गट प्रकट होण्याचा. जे नव्हते किंवा दिसत नव्हते, ते पुढे येते. 'टर्न अप' आणि 'शो अप' म्हणजे उगवणे, आणि पाहुणा बऱ्याच दिवसांनी 'उगवला' म्हणताना आपल्या मनात जे असते, त्याच्याशी हे फार जुळते. विषय 'कम्स अप' म्हणजे निघतो. तो कोणी काढला, तर 'ब्रिंग अप'. चौथा गट थांबण्याचा. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'हेल्ड अप' म्हणजे खोळंबणे, 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे. या शेवटच्यात भिंतीवरच्या जुन्या फोनची आठवण शिल्लक आहे, कारण त्याचा कानाला लावायचा भाग आकड्याला अडकवला की संभाषण संपत असे.

चौथी पायरी : कर्माकडे पाहावे

काही जोड्यांना एकच अर्थ असतो, तर काहींना इतके असतात, की गट ओळखूनही भागत नाही. अशा वेळी अर्थ कर्मावरून ठरवावा. 'मेक अप' हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. कर्म गोष्ट, सबब किंवा नाव असेल, तर ते रचलेले, खोटे आहे. कर्म चेहरा असेल, तर रंगरंगोटी. कर्म 'माइंड' असेल, तर निर्णय घेणे. कर्म पाहुण्यांचा बिछाना असेल, तर तो घालून तयार करणे. कर्म एखादा समूह असेल आणि कर्ता त्याचे घटक असतील, तर त्या घटकांनी तो समूह बनतो. 'इलेव्हन प्लेअर्स मेक अप अ टीम' म्हणजे अकरा खेळाडूंचा संघ होतो. कर्म मुळीच नसेल आणि कर्ते दोघे असतील, तर त्यांचे भांडण मिटले आहे. आणि पुढे 'फॉर' आला, तर भरपाई : 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम' म्हणजे वाया गेलेला वेळ भरून काढणे.

हीच पद्धत 'पिक अप'ला लावून पाहावी. कर्म पिशवी असेल तर उचलणे, शाळेतले मूल असेल तर आणायला जाणे, भाषा असेल तर ऐकून-पाहून शिकणे, फोन असेल तर घेणे. वेग, पाऊस, धंदा हे कर्ते असतील, तर वाढणे किंवा सुधारणे. गाडीचा 'पिकअप चांगला आहे' असे आपले मेकॅनिक म्हणतात, ते याच शेवटच्या अर्थाशी नाते सांगते.

पाचवी पायरी : शब्दक्रम आणि लेखन

वाचताना चूक झाली तर आपल्यापुरती राहते, लिहिताना आणि बोलताना ती दिसते. म्हणून दोन नियम पक्के करावेत. पहिला, कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते. 'पिक अप द बॅग' आणि 'पिक द बॅग अप' दोन्ही चालतात, पण सर्वनाम आले की 'पिक इट अप' एवढेच चालते. 'पिक अप इट' ही आपल्याकडे वारंवार ऐकू येणारी चूक आहे. दुसरा, तीन शब्दांच्या जोडण्या फोडू नयेत : 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणे, 'कम अप विथ' म्हणजे कल्पना किंवा उपाय शोधून काढणे. तेथे सर्वनामही शेवटीच येते.

लेखनात आणखी एक भेद पाळायचा असतो. क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर एक, सलग किंवा मध्ये जोडरेघ देऊन. 'आपण फाइल्सचा बॅकअप घेतला' यातला 'बॅकअप' इंग्रजीत सलग लिहिला जातो, आणि 'फाइल्स बॅक अप करा' यातले दोन शब्द सुटे. उच्चारातही फरक पडतो : नामात जोर पहिल्या भागावर, क्रियापदात जोर 'अप'वर. चेकअप, मेकअप, सेटअप, लॉकअप, फॉलोअप ही नामे मराठीत इतकी रुळली आहेत, की त्यांची क्रियापदे लिहितानाही हात आपोआप सलग चालतो. कार्यालयीन ईमेल पाठवण्यापूर्वी एवढे एकदा पाहून घ्यावे. उपविजेत्याला आपण 'रनर-अप' म्हणतो. त्याच्या अनेकवचनात 'स' रनरला लागतो, अपला नाही.

आपल्याकडचे काही प्रयोग

भारतातील इंग्रजीत रुळलेल्या काही प्रयोगांबाबत परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी सावध असावे. 'कोप अप विथ' हा त्यांतला सर्वांत पसरलेला. 'कोप'ला 'अप' लागत नाही, 'कोप विथ' पुरे. 'फिल अप द फॉर्म' आपल्या बँकांत सर्रास चालते, पण ब्रिटनमध्ये अर्ज 'फिल इन' करतात आणि अमेरिकेत 'फिल आउट'. 'फिल अप' केली जाते ती गाडीची टाकी. खर्चाचा तपशील मागताना आपण 'ब्रेक-अप द्या' म्हणतो. इंग्लंडातील सहकाऱ्याला तोच शब्द ऐकून प्रेमभंग आठवेल. तेथे 'ब्रेकडाऊन' मागावा, आणि गाडी बंद पडल्याखेरीज हा शब्द वापरता येतो, याचे आश्चर्य मानू नये.

नोकरीच्या मुलाखतीत वारंवार होणारी चूक वेगळी नोंदवली पाहिजे. 'आय वॉज ग्रोन अप इन सातारा' असे उमेदवार सांगतो. 'मी साताऱ्यात वाढलो' आणि 'मला साताऱ्यात वाढवले' या दोन मराठी वाक्यांची येथे सरमिसळ झाली आहे. 'ग्रो अप' म्हणजे स्वतः वाढणे, मोठे होणे. त्याला कोणी करणारा नसतो, म्हणून कर्मणी प्रयोगही नसतो. 'ब्रिंग अप' म्हणजे मुलाला वाढवणे, आणि त्याचा कर्मणी प्रयोग होतो. तेव्हा 'आय ग्रू अप इन सातारा' म्हणावे किंवा 'आय वॉज ब्रॉट अप इन सातारा' म्हणावे. दोन्ही शुद्ध आहेत, आणि मुलाखतीत पहिले अधिक मोकळे वाटते. 'ग्रोन-अप' हे नाम म्हणून आले, तर त्याचा अर्थ प्रौढ माणूस असा होतो.

'अप' आणि 'डाऊन' नेहमी एकमेकांच्या विरुद्ध असतात, असेही धरून चालू नये. 'स्लो अप' आणि 'स्लो डाऊन' या दोन्हींचा अर्थ वेग कमी करणे हाच आहे, जरी दुसरा अधिक वापरात असला तरी. घर 'बर्न्स डाऊन', म्हणजे जळून जमीनदोस्त होते, तर कागद 'बर्न्स अप', म्हणजे जळून नाहीसा होतो. दुकानदार रात्री 'क्लोज अप' करतो आणि सकाळी पुन्हा उघडतो. त्याने 'क्लोज डाऊन' केले, तर ते दुकान कायमचे बंद झाले.

कोश आणि वही

या जोड्या कोशात 'अप'खाली शोधू नयेत, त्या मुख्य क्रियापदाखाली, बहुधा नोंदीच्या शेवटी, वेगळ्या काढलेल्या असतात. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांपैकी काहींत कर्म आणि 'अप' यांच्या मध्ये दोन्ही टोकांना अणकुची असलेला आडवा बाण छापलेला दिसतो. तो असेल, तर कर्म दोन्ही बाजूंना ठेवता येते. बाण नसेल, तर कोशाने दिलेला क्रमच पाळावा. कर्म म्हणून माणूस चालतो की वस्तू, हेही तेथे संक्षेपाने सांगितलेले असते. ते वाचण्याचा कंटाळा केला, तर निम्मा कोश वाया जातो.

वहीत नोंद करताना सुटी जोडी लिहू नये, पूर्ण वाक्य लिहावे, कारण कर्माशिवाय अर्थ टिकत नाही. वाक्याखाली स्वाभाविक मराठी वाक्य लिहावे आणि त्यातल्या सहायक क्रियापदाखाली रेघ ओढावी. 'शी लुक्ड अप द ट्रेन टाइम्स' याखाली 'तिने गाडीच्या वेळा शोधून काढल्या' असे लिहून 'काढल्या' अधोरेखित करावे. 'थिंग्ज आर लुकिंग अप' हे वाक्य भेटले, तर ते त्याच पानावर, पण स्वतंत्र नोंद म्हणून 'दिवस पालटत आहेत' या अर्थासह उतरवावे, आणि 'आय लुक अप टु हर' हे 'मला तिच्याबद्दल आदर आहे' या अर्थासह तिसरी नोंद म्हणून. एका क्रियापदाला एक पान दिले, तर नवे वाक्य सापडेल तसे ते तेथेच भरत जाते.